दहा बाय नऊमध्ये पाच स्पीकर

३ मार्च, शनिवार, सकाळी ८
सराउंड साउंड घरात आला. पाच स्पीकर, एक वूफर. खोली दहा बाय नऊ. बायको म्हणाली, खोकी ठेवायला जागा नाही, आवाज कुठे ठेवणार? तिला ध्वनिशास्त्र कळत नाही. १८ तारखेला लेक नोकरीसाठी परगावी जाणार. त्याआधी चौघांनी मिळून एक सिनेमा, थेटरसारखा. चौथे माझे वडील, अण्णा. उद्यापर्यंत सगळं बसवतो.

६ मार्च, मंगळवार
मागचे दोन स्पीकर मागे बसेनात, कारण सोफ्याला मागेच नाही. भिंत आहे. सोफा पुढे ओढला. आता टीव्ही गुडघ्याला लागतो. अण्णा म्हणाले, बातम्या देणाऱ्याच्या नाकातले केस दिसतात. म्हणजे चित्र उत्तम आहे.

१० मार्च, शनिवार, सकाळी ११
इलेक्ट्रिशियन आला. म्हणाला, साहेब, या खोलीत नुसतं कुजबुजलं तरी सराउंड होतं. चहा न देता पाठवला. ड्रिल मी स्वतः चालवणार.

दुपारी ४
वायर भिंतीत असते हे माहीत होतं. याच भिंतीत असेल हे नव्हतं. घरभर लाइट गेले. इलेक्ट्रिशियनला परत बोलावलं. बायकोने त्याला चहा दिला. दोनदा.

१३ मार्च, मंगळवार
मॅन्युअल म्हणतं, ऐकणारा बरोबर मध्यभागी हवा. मोजायची टेप लावून मध्यभाग काढला. तिथे एकच माणूस मावतो. सोफा जिन्यात, खोलीत एक खुर्ची. लेक म्हणाली, बाबा, आम्ही कुठे बसायचं? पाळीपाळीने, म्हटलं. सिनेमा अडीच तासांचा, प्रत्येकी साडेसदतीस मिनिटं. कुणी आनंद दाखवला नाही. सवय नाही त्यांना.

१५ मार्च, गुरुवार
वूफर लावला. खालच्या दवाखान्यातले दाताचे डॉक्टर वर आले. म्हणाले, दाढ काढताना हात हलला. म्हटलं, तुमचा हात, माझा काय दोष? ते बराच वेळ माझ्या दातांकडे पाहत राहिले. माघार नाही. वूफर कोपऱ्यातच राहील.

१७ मार्च, शनिवार, संध्याकाळी ५
लेक उद्या सकाळी निघणार. आज सिनेमा. मागचा डावा किंचित कमी वाटतो. दहा मिनिटं थांबा म्हटलं.

५.५०
आणखी दहा. बायको काही बोलली नाही. याला विश्वास म्हणतात.

६.३०
जमलं! तिघांना हाका मारल्या. कुणी येईना. मागून, डावीकडून, हसण्याचा स्वच्छ आवाज. सिस्टिम बंद केली. हसणं चालूच.

८.१५
स्वयंपाकघरात ओट्यावर फोन टेकवून तिघं बघत होते. तोच सिनेमा, अर्धा झालेला. दारातूनच सांगितलं, याला आवाज म्हणत नाहीत. लेक म्हणाली, श्शू. आणि पिठाच्या डब्यावर बसली होती, तिथून सरकून अर्धा डबा मला दिला. बसलो. माझं मत बदललेलं नाही. शेवटी कोण रडलं ते लिहायची गरज नाही. आवाज फारच लहान होता, एवढंच नोंदवून ठेवतो.