आईचा कॅन

सुमेधावहिनी,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला गेले, पण पेन पुढे सरकेना.

काल खांदेश्वरला तुमच्याकडे जेवताना मी सांगितलं, की मूल होण्याच्या इंजेक्शनातलं हार्मोन आमची कंपनी आता माणसाचा जीन घातलेल्या पेशींमधून बनवणार. त्यासाठी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांची लघवी गोळा करणं बंद. तुम्ही आईकडे बघून नाक मुरडलंत. “सुटलो बाई! मोरीतला तो कॅन बघूनच मला ओकारी यायची.”

आई ताट घेऊन उठली. धर्मराजदादा मान खाली घालून भात कालवत राहिला.

कालपासून मलाही ओकारी येतेय, पण ती कॅनची नाही.

पाळी गेल्यापासून आई रोज तो कॅन भरायची, कंपनीची गाडी येऊन न्यायची. “कुनाची तरी कूस उजवंल गो,” म्हणायची. तुम्ही मात्र आमच्या घरचं पाणी पीत नाही, ऋषीला आजीच्या हातची भाकरी खाऊ देत नाही. वहिनी, ऋषीसाठी तुम्ही घेतलेली इंजेक्शनं थर्मासात बर्फ घालून मीच आणायचे, आमच्याच कंपनीतून. ती कशापासून बनतात, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

इथवर लिहून हे पत्र आज टपालपेटीत टाकायला निघाले होते. आईने उंबऱ्यातच हात धरला.

“सांगू नको गो तिला. मंग ती पोराला बी जवल घेयाची नाय.”

तुमची नणंद,
नमिता