मोनूच्या हातची बियर

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा वरणात गोळी टाकली. कुटून, अगदी पीठ करून. ह्यांनी वाटी पुसून खाल्ली नि म्हणाले, "तुह्या हातात गोडवा आहे वं!" गोडवा! हसू की रडू!

पोळ्यानंतर एकदाच प्यायले होते. गोळी पोटात होतीच. ओकून ओकून अर्धे झाले. त्यांना वाटलं, दारूच आता सोसत नाही. तेव्हापासून थेंब नाही. सगळं कारधा गाव म्हणतं, कैलाश सुधरला, सुंठीवाचून खोकला गेला. सुंठ माझ्या शिलाई मशीनच्या खणात आहे, हे फक्त शेजारच्या ताराबाईला ठाऊक. तिच्या नवऱ्याची दारू सुटली ती याच गोळीने. तिचं बजावणं पाठ आहे — "सांगजो नोको त्याले. सांगतलं का मानूस गोळीच सोडते."

सांगणार नाही. नवरा शुद्धीवर घरी येतो, याहून मला काय हवं?

२३ नोव्हेंबर

सकाळचा चहा हल्ली आईच करतात ह्यांना. "तू झोप जराशी," म्हणतात. सासू अशी मऊ झाली की मला धास्तीच वाटते!

२७ नोव्हेंबर, बुधवार

पुलाजवळ नवा पब झालाय. बियर तिथेच बनवतात. आणि बनवणारा कोण? आमचे धाकटे दीर, मोनू! रविवारी आम्हा सगळ्यांना बोलावलंय. आई भडकल्या — "मोठा पिऊन बुडाला, लहाना बनवून बुडन!" गुडघ्याचं निमित्त सांगून येत नाही म्हणाल्या. हे मात्र खूश. भाऊ मोठा माणूस झाला ना.

१ डिसेंबर, रविवार

हिरवी साडी नेसू की निळी? अशा ठिकाणी बाया काय नेसतात देव जाणे.

४ डिसेंबर

हे गेले. रविवारीच.

लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. काचेपलीकडे चकचकीत टाक्या होत्या. धान उकडताना येतो तसा वास. उंच स्टुलावर माझे पाय लोंबकळत होते, निळ्या साडीत अवघडून बसले होते. मोनू गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आला. स्वतःच्या हाताने फेसाळ गिलास ह्यांच्यापुढे ठेवला. "दादा, आपल्या तांदळाची आहे! पयला गिलास तुले."

मी म्हटलं, नका घेऊ.

"काहून? बियर कुठी दारू असते वं? अन् माह्या भावानं बनोली. त्याचं मन मोडू काय?"

काहून ते माझ्या जिभेवर होतं. मोनू समोर उभा होता, पोरासारखा तोंडाकडे बघत. माणसांनी भरलेलं टेबल. मी गप्प बसले. वाटलं, ओकतील मागच्यासारखे, बस. चांगली अद्दलही घडेल.

हो, असंच वाटलं मला!

गिलास संपलाही नव्हता. तोंड लाल, मान लाल. "छाती धडधडून राहिली वं..." म्हणाले आणि स्टुलावरून कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या सुरू होत्या का? मी तोंड उघडायच्या आत, निरोप मिळताच धावत आलेल्या आई म्हणाल्या, "नाई." मग मीही म्हटलं, नाही.

६ डिसेंबर

गावाने पबच्या काचा फोडल्या. भावानेच भावाला जहर पाजलं, म्हणतात. मोनूला पोलिसांनी नेलं. त्याला खांदासुद्धा देऊ दिला नव्हता नात्यातल्या लोकांनी. तिरडीमागे एकटा चालत होता. त्याने काय केलं होतं? काहीच नाही! काहीच नाही!!

९ डिसेंबर

बाया घरी येऊन म्हणतात, पब बंद करायच्या मोर्च्यात पुढे तूच चाल. मी कोणत्या तोंडाने चालू? चोराच्या मनात चांदणं. कोणी मशीनकडे पाहिलं तरी घाम फुटतो.

एकच गोष्ट डोकं खाते. गोळी तीच, एकच, रोजची. मागे नुसते ओकले होते. या वेळी जीवच कसा गेला?

उद्या दहावा. तो झाला की ठाण्यात जाऊन सांगते. मोनू माझ्यापायी आत सडू नये. आधी आईंना सांगावं लागेल. मारलं तर मारोत.

१० डिसेंबर, दहावा

सांगितलं. सगळं, वरणासकट.

आई ओरडल्या नाहीत. उठल्या, चहापत्तीच्या डब्यातून तसंच गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. "मी बी देत होती, पोरी. मागच्या महिन्यापासून रोज सकायी, चहात. ताराबाईनं मले बी सांगतलं होतं, कोनाले बोलू नोको."

आता चपला घालून दारात उभ्या आहेत. मोनूला सोडवायला दोघी जातोय.