कागदावरचं दुहेरी साल

ता. ४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

वखारीचा पत्ता खोडून टाक. तिथं मन रमलं नाही, आता जुन्या नाण्यांच्या दुकानात लागलोय. वर्षातली तिसरी नोकरी, भिंगरी नाव सार्थ केलं, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

दिवसभर साल बघून नाणी कप्प्यांत लावायची. इथले भिंगवाले काका सांगतात, कधीकधी नाणं पाडायचा ठसा घडवतानाच आकडे जरासे सरकून दोनदा उमटतात. मग त्या ठशातून निघालेलं प्रत्येक नाणं तसंच, आणि त्याला मोठी किंमत. दोन्ही आकडे गोलसर उठलेले, टोकाला खाच. नुसतं यंत्र हललं असेल तर दुसरा आकडा चपटा, पायरीसारखा. त्याला कुणी विचारत नाही.

अण्णांनी मागे ठेवलेल्या डब्यात तांब्याचं मोठं नाणं आहे ना, त्या सालात असली दुहेरी निघालीत म्हणे. त्यावर कागद ठेव, पेन्सिल आडवी धरून घास आणि छाप पाठव. तसं असलं तर घरी येऊन स्वतःचं दुकान टाकतो. इथल्या मालकाला मी पत्ता लागू दिलेला नाही. दाजींनाही इतक्यात सांगू नकोस.

लोभ आहे तेवढा राहू दे.

भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

छाप सोबत आहे. धाकटी मांडीवर, एका हातात पेन्सिल, दुसऱ्याने तिला आवरायचं, आणि कागद धरायला तिसरा हात देवाने दिला नाही. दाजींपासून लपव म्हणतोस, पण डब्याची किल्ली त्यांच्याकडेच. सांगावं लागलं. ते म्हणाले, कागद काय चाटायचाय, नाणंच पाठवू. कापूस घालून त्यांनीच बांधलं, सोमवारी पोस्टात टाकतील. दुकान टाकलंस तर पुढच्या खोलीला रस्त्याकडे दार काढून देऊ, असंही म्हणाले.

जेवणाची हेळसांड करू नकोस. इथला लोभ आटत नाही, तू पत्रं आटवू नकोस.

ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच.

तुझ्या कागदावर साल दुहेरी आहे. चारही आकडे. आठ दिवस तो कागद सदऱ्याच्या आत घेऊन फिरलो. मालकाने सहज खांद्यावर हात ठेवला तरी दचकायचो. काल नाणं आलं. साल तेच, तांबं तेच, पण आकडे एकेरी. भिंगाखाली फिरवून फिरवून डोळे दुखले. कागद काही खोटं बोलत नाही. मग मधे नाणं कुणाच्या हातात होतं? किल्ली कुणाकडे, बांधलं कुणी, पोस्टात टाकलं कुणी? मी नाव घेत नाही. एवढ्या मायेने दार काढून देणारा माणूस मला आता वेगळाच दिसायला लागलाय. जरा लक्ष ठेव.

तुझ्यावरचा लोभ पक्का, बाकीच्यांचं बघू.

भिंगरी

ता. १२ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र न वाचता फाडायला हवं होतं. हे आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या सदऱ्याचे खिसे चाचपले. बसचं तिकीट आणि धाकटीची रिबीन निघाली. वळले तर हे दारात, खांद्यावर टॉवेल. तुझं पत्र ओट्यावर होतं, ते त्यांनी वाचलं आणि घडी घालून होतं तिथे ठेवलं. तेव्हापासून कामावरून आले की दोन्ही खिसे उलटे करून सदरा खुंटीला लावतात. बोलणं नेहमीसारखंच, भाजीत मीठ कमी आहे वगैरे.

अण्णा गेले तेव्हा तू सात वर्षांचा होतास. याच माणसाने तुला खांद्यावर बसवून या घरात आणलं. तुला नक्की माहीत आहे का? असेल तर इथे मी कसं राहायचं ते सांग. नसेल तर मला नको, त्यांना लिही.

ताई

ता. २१ एप्रिल

ती. दाजींस सा. न. वि. वि.

ताईचं पत्र येताच कागद आणि नाणं, दोन्ही भिंगवाल्या काकांपुढे ठेवलं. त्यांनी विचारलं, हा चरा कसला? सालाखाली आडवा चरा आहे. नाण्यावर एक, कागदावर दोन. काका म्हणाले, गाढवा, ठसा आकडे दुहेरी करेल, पण नाणं वापरात आल्यावर पडलेला चरा कसा दुहेरी करेल? घासताना कागद सरकलाय. चरा तोच, जागा तीच, म्हणजे नाणंही तेच.

रोज भिंग हातात असून मला तो दिसला नाही. डोळे सालावर होते आणि डोक्यात तुम्ही. ताईला दोष देऊ नका, तिच्या कानात मीच भरलं. संशय तुमच्यावर घेतला, म्हणून माफी तुमच्याकडे मागतो. नाणं पोस्टाने परत करतो. मी घरी यावं की नाही, ते तुम्ही ठरवा.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

भिंगरी

ता. ३ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचताना मी हसलो असं तुझी ताई म्हणते. मी हसलो नाही. राग आहे, आणि तो कागदावर उतरायचा नाही. समोर बसलास की बोलेन. नाणं पोस्टात टाकू नकोस, स्वतः घेऊन ये. दारातच तुझे खिसे मी तपासणार, ताईच्या देखत, आणि तू हात वर करून गुमान उभं राहायचं. मग जेवायला बसू.

दाजी