थेंबातले भाऊबंद

प्रिय एर्सिरा,

दुपारची बोट सुटायच्या आत हे संपवायचं आहे, म्हणून ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. बटाटे काढून झाले. वाऱ्याने छपराच्या फळ्या नेल्या होत्या, त्या बसवल्या. तुझ्या छपराच्या, माझ्या नव्हे. तू आठवण करून देण्याआधी मीच लिहितो.

आई गेल्यावर नवव्या दिवशी घातलेल्या जेवणाची गोष्ट तू अजून सगळ्यांना सांगतेस, असं आपला ओनोफ्रे म्हणाला. सांगायचीच तर नीट सांग. प्रार्थना संपली होती, खड्ड्यातले दगड तापले होते, मांस, बटाटे, वर अंथरायची पानं, सगळं तयार. मी सकाळीच समुद्राचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. त्यात पेशींच्या साखळ्या होत्या, समुद्र लाल करून शिंपले विषारी करणाऱ्या, ‘लाल भरती’च्या जिवाच्या असतात तशा. म्हणून शिंपल्यांच्या टोपल्या मी उचलून समुद्रात ओतल्या. तू धावत आलीस. “लिंबू पिळलं की विष मरतं रे! आई जन्मभर हेच करत आली.” मी म्हणालो, लिंबाने वास मरतो, विष नाही. म्हातारा तोलेदो खिदळला, “आधी मांजराला घाला की! मांजर जगलं तर आम्ही बसतो जेवायला.” आणि मग तू सगळ्यांदेखत बोललीस, “रक्ताचा असतास तर आईच्या जेवणाची अशी माती केली नसतीस.”

पुढे प्रयोगशाळेचा निकाल आला. पाणी स्वच्छ. मी पाहिलेला जीव दुसराच होता, हुबेहूब तसाच दिसणारा, निरुपद्रवी. गाव मला अजून “या डॉक्टरसाहेब” म्हणतं. म्हणू दे. पुन्हा तशा साखळ्या दिसल्या तर पुन्हा ओतीन.

तुझं शाळेचं पुस्तक मी चुलीपाशी बसून वाचायचो. माझ्या बापाने मला तुमच्या दारात आणून सोडलं, “वाढवा, कामाला येईल” म्हणाला आणि गेला. आपल्या चिलोए बेटावर अशी पोसलेली पोरं घरोघर आहेत. त्या पुस्तकात वनस्पतींचं पान वेगळं, प्राण्यांचं वेगळं, बुरशीचं वेगळं. जे कुठेच बसत नाही ते सगळं ‘प्रोटिस्ट’ नावाच्या एका डब्यात कोंबलेलं. अमिबा त्यात, हिवतापाचा जंतू त्यात, लाल भरतीवालाही त्यातच, आणि आपण सुकवून खातो ते वावभर लांब कोचायुयो शेवाळसुद्धा. मला ते तेव्हाही खटकलं होतं. पुढे मिळेल ते मागवून वाचलं. तो डबा कधीच फुटलाय, एर्सिरा. कोचायुयो झाडाच्या नात्यातलं नाहीच, ते काचेच्या कवचात राहणाऱ्या एकपेशी डायटमच्या नात्यातलं. लाल भरतीवाला हिवतापाच्या जंतूचा भाऊबंद. आणि अमिबा? तो झाडापेक्षा तुझ्यामाझ्या जवळचा.

तू म्हणशील, ही नाती लावतात ती जनुकांवरूनच ना, म्हणजे शेवटी रक्तच. हो, तिथे रक्तच. पण अमिबाला ताप आला म्हणून त्याला कुणी मांडीवर घेऊन बसत नाही. आईने मला घेतलं होतं.

आता मुद्दा. आईच्या क्रुसासाठी तू पाटी कोरायला टाकलीस, तिचा मजकूर ओनोफ्रेने मला वाचून दाखवला. ‘तुझी मुलं एर्सिरा आणि ओनोफ्रे, आणि घरातले इतर.’ घरात इतर कोण होतं गं? कोंबड्या? कोरणाऱ्याने शेवटचे शब्द अजून घेतलेले नाहीत, मी विचारून आलोय. तिथे ‘एलेओदोरो चिग्वाय’ कोरायचं, माझ्या बापाच्या आडनावासकट, आणि ‘मुलं’ या शब्दातच धरून. ते जमत नसेल तर मला पाटीवरून पुरता काढून टाक. वगळलंस तर सोसेन. इतरांत घातलंस तर छिन्नी माझ्याकडेही आहे.

तुझाच थोरला भाऊ,
एलेओदोरो