पेशी, घर आणि धाकटीचं अक्षर

मी, खाली सही करणारी, पेशाने जीवशास्त्राची मास्तरीण, बुद्धीने शाबूत आणि देहाने एकदा उसवून पुन्हा शिवलेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने करत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. धाकटी बहीण दडपण आणते, पण ते दोन घास जास्त खाण्यापुरतं असतं.

वकीलसाहेबांच्या कचेरीतून टाइप होऊन आलेला कागद कोणी माझं मृत्युपत्र समजू नये. "माझ्या पेशी आयुष्यभर स्वतःची नक्कल करत आल्या" या माझ्या वाक्यातल्या पेशी तिथल्या कारकुनाला कोर्टातल्या वाटल्या, आणि त्याने मदत म्हणून "माझ्या तारखा आयुष्यभर पडत आल्या" अशी दुरुस्ती केली. "पेशी मेली तरी शेजारणी काम चालू ठेवतात" या वाक्याचं त्याने जे केलं ते चारचौघांत वाचण्यासारखं नाही.

ऑपरेशनपासून माझा हात थरथरतो. म्हणून माझ्या कच्च्या मसुद्यावरून ही पक्की प्रत धाकटी लिहीत आहे. जिला मिळायचं तिनेच लिहू नये, असं वकीलसाहेबांचं मत पडलं. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि प्रत्येक पानावर मी सही करीन, असं मी सांगितल्यावर ते "बघा बुवा" म्हणाले. आपल्या पदरचं काही घालणार नाही, असं धाकटीने कबूल केलं आहे. (घातलं तर कंसात घालीन. – धाकटी)

कलम एक. माझं सूक्ष्मदर्शक आणि शीतपेटीतल्या यीस्टच्या सगळ्या नळ्या माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्याव्यात. तिला आम्ही 'शंका' म्हणत असू, कारण ती प्रत्येक तासाला काढायचीच. या यीस्टकडूनच मी शिकले की पेशी दोन होण्याआधी आपला डीएनए उतरवून घेते. त्याचे दोन धागे अलग होतात आणि प्रत्येकासमोर नवा जोडीदार धागा अक्षर-अक्षर लावून तयार होतो. म्हणजे प्रत्येक प्रतीत एक धागा जुना, एक नवा. उतरवून घेणारा, म्हणजे पेशीतला एक प्रथिन-कामगार, मोठा इमानी असतो. चुकीचं अक्षर बसलं की जोडी नीट जुळत नाही, हे त्याला कळतं. तो एक पाऊल मागे येतो, ते अक्षर काढतो आणि बरोबर अक्षर लावून पुढे जातो. वकीलसाहेबांनी असा कारकून शोधावा.

कलम दोन. आमच्या माजी विभागप्रमुखांना माझी डुगडुगणारी खुर्ची द्यावी. खिडकीजवळची माझी जागा त्यांनी "तात्पुरती" घेतली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही, तेव्हा त्यांनाही जरा डुगडुगू द्या. उन्हाने डीएनएची शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. पेशी तेवढा तुकडा दोन्ही बाजूंनी कापून काढते आणि समोरच्या धाग्याकडे बघून तिथे नवा भरते. साहेब इतकी वर्षं त्या उघड्या खिडकीतलं ऊन खात बसले, तरी त्यांची कातडी तुकतुकीत आहे. याचं श्रेय त्यांनी स्वतःच्या शिस्तीला न देता या दुरुस्तीला द्यावं. (माझ्या शिवणाच्या दुकानात यालाच रफू म्हणतात. – धाकटी)

कलम तीन. आईची शिवणाची कात्री धाकटीला द्यावी. ही कात्री मी प्रयोगशाळेत कागद कापायला नेली आणि तिची धार घालवली, हा आरोप बिनबुडाचा आहे. (कात्री बघा म्हणजे बूड दिसेल. – धाकटी)

कलम चार. माझी पुस्तकं आणि बँकेत जे काही उरेल ते भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला द्यावं. तिने शास्त्रच शिकावं अशी अट नाही. मावशीला बरं वाटावं म्हणून कोणी यीस्टशी संसार करू नये.

कलम पाच. ही मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही आणि नाकारताही येत नाही. वडिलांकडून मला एक बिघडलेलं जनुक आलं आहे. उतरवून घेणाऱ्याच्या नजरेतून सुटलेल्या चुका हुडकायला पेशीत दुसरी फळी असते, आणि त्या फळीतला एक कामगार या जनुकावरून घडतो. आईकडून आलेली चांगली प्रत माझ्याकडे आहे, तिच्यावर भागतं. पण एखाद्या पेशीत तीही बिघडली की तिथे चुका साचत जातात. वडील आणि आत्या, दोघंही आतड्याच्या कॅन्सरने गेले. मला तो झाला, पण लवकर सापडला. जन्मभर मी यीस्टमधल्या याच फळीचा अभ्यास केला आणि माझ्याच पेशींत ती लंगडी निघाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हे जनुक धाकटीकडे असेल किंवा नसेल, छापा-काटा आहे. असेल तर वेळच्या वेळी आतड्याची तपासणी करत राहिलं की दुखणं कोवळं असतानाच खुडता येतं. नसेल तर ते तिच्याकडून भाचीला जाण्याचा प्रश्नच मिटला. यासाठी फक्त रक्ताची एक नळी द्यायची आहे, आणि ती धाकटी देत नाही. मी विषय काढला की "भाजी करपेल" म्हणून उठून जाते. माझी सगळी विद्या या एका भाजीपुढे हरली आहे. (भाजी खरंच करपत होती. – धाकटी)

कलम सहा. माझं राहतं घर, दोन खोल्या, गच्ची आणि गच्चीवरचा गळका नळ यांसह, माझ्या पश्चात धाकटीला मिळावं. बिनशर्त. रक्त ती देणार आहे, पण घरासाठी नाही. ताईने सोबत यावं.

इथून पुढचं अक्षर माझं आहे. वाकडं आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

कलम सहामधली शेवटची तीन वाक्यं माझ्या मसुद्यात नव्हती. मसुद्यात असं होतं की धाकटीने तपासणी करून घेतली असेल तरच घर तिचं, नाहीतर ते विकून टाकावं. ही अट मी मुद्दाम घातली होती. समजावून झालं, रागावून झालं, आता घराची भीती घालून बघू, असा माझा हिशेब होता. तिथवर आल्यावर तिने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, नक्कल करणाऱ्याने मजकुराशी भांडायचं नसतं. ती भांडली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"घर विक ताई, खुशाल विक," ती म्हणाली. "बाबांचे शेवटचे दिवस तू बघितले नाहीस. तू होस्टेलवर होतीस. मी त्यांचं अंथरूण बदलायचे. माझ्यात पण ते आहे असं कोणी सांगितलं, तर मी रोज सकाळी उठायचं कसं?"

इतक्या वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. भाजीच्या मागे एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं. डीएनएवर मी तासन्‌तास बोलू शकते, पण त्या वेळी ते सगळं बाजूला ठेवलं. जे खरं होतं ते सांगितलं.

"मलाही भीती वाटली होती गं. माझ्या तपासणीचा लिफाफा मी फ्रीजवर ठेवून दिला होता. जातायेता त्याच्याकडे पाठ करायचे."

"तू?"

"मीच. आणि तो उघडताना कोणीतरी शेजारी असावं असं फार वाटलं होतं."

मी साक्षीदारांना बोलावायला शेजारी गेले. परत आले तर ती भांडी घासत होती आणि टेबलावर कलम सहा पुरं झालेलं होतं. या वेळी तिने कंससुद्धा घातला नव्हता.

आता हे कोणी चूक समजून खोडू नये म्हणून लिहिते. दोन धागे जुळले नाहीत, तर चूक कुठल्या धाग्यात आहे हे दुसऱ्या फळीला कसं कळतं? नव्या धाग्यात अजून सांधायच्या राहिलेल्या चिरा असतात. त्यांवरून ती नवा धागा ओळखते, जुन्याला खरं धरते आणि नव्यातलं काढून टाकते. आमच्या घरातही हाच कायदा चालत आला. थोरली म्हणेल ते बरोबर. वकीलसाहेबही फोनवर तेच म्हणाले, की मूळ मसुदाच प्रमाण धरावा. पण चूक जुन्या धाग्यात असली, तर ते कळायची सोय त्या फळीकडे नाही. माझ्याकडे आहे. मसुदा मी फाडला आहे. कलम सहा तिने लिहिलं तसंच कायम राहील, आणि "बिनशर्त" या शब्दाखाली मी वेगळी सही केली आहे.

मोबदला न घेणारे साक्षीदार:
१. शेजारचे कुलूपवाले. यांनी सगळं मृत्युपत्र वाचलं. धाकटीचे कंस तसेच ठेवायचे का, असं विचारलं. ठेवायचे.
२. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. यांनी फक्त कलम पाच आणि सहा वाचलं आणि धाकटीला विचारलं, कुठल्या हाताची शीर चांगली सापडते.

स्थळ : आमचं स्वयंपाकघर.
दिनांक : ३ जून, सकाळ. दवाखाना आता उघडेल. आम्ही दोघी नर्सबाईंबरोबरच निघत आहोत.

सही : थोरली
(सही कागदाबाहेर गेली आहे, कारण धाकटीने माझा हात घट्ट धरला आहे आणि सोड असं मला म्हणवत नाही.)