ट्रॉलीतला ओटा

५ ऑक्टोबर

राजस म्हणाला, आपण ट्रेलर बांधायचा! छोटासा, बोलेरोच्या मागं जोडायचा. त्यात तंबू, गाद्या, पाणी, सगळं सामान. आणि नाताळच्या सुट्टीत भंडारदरा. धरणाच्या पाण्याकाठी दोन रात्री मुक्काम!

तव्यावरची पोळी विसरले मी. करपली. करपू दे.

चौदा वर्षं झाली लग्नाला. आम्ही सगळे मिळून कुठं मुक्कामाला गेलोय असं एकदाही झालेलं नाही. सासूबाई बाहेरचं काही खात नाहीत. हॉटेलचं नाही, पाहुण्यांकडचं नाही, टपरीवरचा चहा तर विषच. घरचं आणि तेही सोवळ्यातलं. त्यांना एकटं ठेवून जायचं नाही, सोबत न्यायचं तर खायला काय घालायचं? म्हणून पुणतांब्यातून आमची धाव शिर्डीपर्यंत, आणि तिथूनही जेवायच्या वेळेला घरी. राजस शाळेत भूगोल शिकवतो. मुलांकडून कळसूबाईची उंची पाठ करून घेतो, आणि स्वतःच्या मुलीला अजून ती लांबूनसुद्धा दाखवलेली नाही. मनवा अकरा वर्षांची झाली.

सासूबाईंनी लगेच विचारलं, "तिथं खायचं काय रे?" राजस हसला. "त्याचीच तर सोय करतोय आई."

काय सोय ते सांगेना. गुपित म्हणे!

६ ऑक्टोबर

भंडारदरा. भांडी घासताना मोठ्यानं म्हणून बघितलं. छान वाटतं म्हणायला.

१२ ऑक्टोबर

कोपरगाव रस्त्याला हनुमंतच्या शेडवर गेलो होतो. हा माणूस जन्मभर उसाच्या ट्रॉल्या बांधत आलाय. राजसनं मोबाईलवर परदेशातले ट्रेलर दाखवले. हनुमंतनं बघितले, नि फोन परत दिला.

"सर, ह्ये पत्र्याचं खेळनं हाय. आपली ट्रॉली अशी करू, ऊस खच्चून भरला तरी वाकायची न्हाई."

"अहो हनुमंत, ऊस नाही भरायचा. गाद्या भरायच्यात."

"गाद्या तर गाद्या. पन वाकायची न्हाई."

राजसनं भंगारातून एका जुन्या गाडीची चाकं मिळवलीत. त्यांच्यावर हात फिरवून बघत होता, नवीन म्हशीवर फिरवावा तसा. मला हसू आवरेना. किती दिवसांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर हसलो!

मी काय करणार तिथं, ते ठरलंय माझं. शाल घेऊन पाण्याकडं तोंड करून बसायचं. कुणीतरी आयता चहा आणून हातात द्यायचा. बस. बाकी काही नको.

१८ ऑक्टोबर

चकल्या तळत होते. राजस खडू घेऊन आला. "जरा दारात उभी राहा. कोपर वाकव."

पिठाच्या हातांनी उभी राहिले. त्यानं स्वयंपाकघराच्या चौकटीवर, माझ्या कोपराच्या थोडं खाली, रेघ मारली. लहान पोरांची उंची घेतात तशी. म्हटलं हे काय?

"फोडू गुपित?"

फोडलं. ट्रॉलीचा मागचा फाळका आडवा उघडला की त्याचा ओटा होणार. दोन शेगड्या. पोळपाटासाठी सरकती फळी. डब्यांना कप्पे, पाण्याची टाकी, आणि वर देवांसाठी वेगळा बंद कप्पा. आख्खं सोवळ्यातलं स्वयंपाकघर — चाकांवर! आणि ओटा बरोब्बर माझ्या उंचीचा.

"घरच्या ओट्यानं पाठ धरते म्हणतेस ना? हा खास तुझ्या मापाचा. आता आपण कुठंही जाऊ शकतो गं. कुठंही!"

डोळे नुसते चमकत होते त्याचे. मी "छान" म्हणाले आणि चकल्यांकडं वळले.

१९ ऑक्टोबर

म्हणजे तिथंही मीच. तीच कणीक, तोच कुकर, फक्त वारा जास्त.

राग येतोय आणि काढायचा कुणावर? राजस वाईट असता तर सोपं होतं. वाईट नवऱ्याशी भांडता येतं. यानं माझ्या पाठीचा विचार केलाय! मला कोंडायला पिंजरा करतोय आणि तोही मापात बसेल असा. वर मी खूश व्हावं ही अपेक्षा. आणि झाले नाही तर मीच कृतघ्न.

दिवाळीचा म्हणून माहेरहून, नगरहून आईचा फोन आला. म्हणाली, "नशीबवान आहेस बाई. एवढं करतो का कुणी बायकोसाठी?"

२ नोव्हेंबर

आज बोलून बघितलं. म्हटलं, तिथं एखाद्या वेळेला बाहेरून काही...

"आणि आई?"

झालं. या दोन शब्दांपुढं माझं आजवर काही चाललेलं नाही.

१३ नोव्हेंबर

बाहेर बसलेय. आमच्याकडं अजून पाळतात. चार दिवस मागची खोली, वेगळी चटई, वेगळं ताट. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. लोणच्याला, दुधाला हात नाही. विरजणाचं तर विचारूच नका! सासूबाईंचं दही म्हणजे प्राण. बाहेरच्या बाईची सावली पडली तरी नासतं म्हणतात. एकदा मी चुकून विरजणाच्या भांड्यावर झाकण ठेवलं तर आख्खं भांडं मोरीत ओतलं होतं त्यांनी.

लग्न झालं तेव्हा या चार दिवसांत मी रडायची. अपमान वाटायचा. अजूनही वाटतो. पण एक सांगू? महिन्यातून एवढेच दिवस मला कुणी हाक मारत नाही. सासूबाईंचं मनगटाचं हाड मोडल्यापासून त्या जड काही उचलत नाहीत, तेव्हा स्वयंपाक राजस करतो. पिठलं-भात झकास करतो! ताट दारापर्यंत येतं. आयतं.

आज दुपारी परसात उन्हाला बसले होते. सासूबाई लांब पायरीवर शेंगा सोलत होत्या. आपण होऊन बोलायला लागल्या.

"आमच्या वेळी बारा माणसांचं रांधायचं. हे चार दिवस कधी येतात त्याची वाट बघायची मी. एकदा तर..." थांबल्या.

"एकदा काय आई?"

"एकदा महिन्यात दोनदा बसले."

आणि शेंगांचं सूप उचलून आत गेल्या. हसत होत्या का? कळलं नाही, पाठ होती माझ्याकडं.

२१ नोव्हेंबर

हनुमंत माप घ्यायला घरी आला. राजस शाळेत.

तो येणार हे मला माहीत होतं. सकाळीच राजसला चहा देताना चौकटीत उभं केलं होतं, उगाच काहीतरी बोलत. त्याचा कोपर कुठं येतो ते बघून ठेवलं. तो गेल्यावर ओल्या फडक्यानं माझी रेघ पुसली आणि वर, चांगली वीतभर वर, नवी मारली.

हनुमंतनं टेप लावली. "वैनी, हीच व्हय? लई उंच वाटतीय."

"हीच."

"तुमाला पुरंल का?"

"तुम्ही बांधा तर खरं."

"बांदतो. पन मागनं बदलून मिळायचं न्हाई हां. कारखान्याचा शीजन सुरू झालाय, शेडवर ट्रॉल्यांची रांग हाय."

तेच तर पाहिजे होतं मला. छाती धडधडत होती. खडूच्या एका रेघेला एवढी!

२२ नोव्हेंबर

भाजी चिरताना एकटीच हसले. मनवा म्हणाली, "आई, काय झालं?" काही नाही.

७ डिसेंबर

ट्रॉली आली! भगभगीत निळी. आळीतली सगळी बघायला. हनुमंतनं गाद्या न्यायला इतकी भक्कम केलीय की तिच्यातून हत्ती न्यावा. बोलेरो घरापर्यंत कण्हत आली.

राजसनं फाळका उघडला. ओटा माझ्या छातीला लागला.

हनुमंत म्हणाला, "सर, चौकटीवरल्या रेघंवरनंच घेतलंय माप. वैनीच व्हत्या." मला वाटलं, आता कळेल. आता तो ओट्यापुढं उभा राहील, त्याला कळेल की हा आपल्याला चांगला पुरतोय, आणि...

राजस विचार करत घरात गेला आणि बसायचा पाट घेऊन आला. ओट्यापुढं ठेवला. "चढ बरं."

चढले.

"बघ! बरोब्बर आलीस!"

आळीनं टाळ्या वाजवल्या. मी पाटावर उभी, ओटा पुढ्यात. लाटणं तेवढं हातात नव्हतं.

८ डिसेंबर

राजसनं पाटाखाली रबर ठोकलं. मी घसरू नये म्हणून.

२३ डिसेंबर

परवा निघायचं. भाजणी, मेतकूट, तुपाचा डबा, पापड, कणकेचा डबा सगळं कप्प्यांत बसलं. एकेक डबा आत जातोय आणि मला श्वास कमी पडतोय. सासूबाई तर लहान मुलीसारख्या करतायत. रंधा धबधब्याबद्दल मनवाला दहा वेळा विचारलं. देवांना रेशमी फडक्यात गुंडाळून ठेवलंय, उद्या कप्प्यात बसवणार.

सगळ्यांना इतका आनंद झालाय! मी एकटीच कशी अशी?

आणि हे एकदाच नाही. उन्हाळ्यात गणपतीपुळे म्हणतोय. मग हंपी. चाकं आहेत ना आता. कुठंही!

२४ डिसेंबर

खोटं बोलले.

दुपारी देव कप्प्यात बसवून झाले आणि सासूबाईंनी हाक मारली, फराळाचा डबा दे म्हणून. मी परसातूनच म्हणाले, "मला नाही येता येणार आई. मी बाहेरची झाले."

माझं मलाच ऐकू आलं नाही नीट. पंधरा दिवसांपूर्वी तर बसून उठलेय.

"इतक्यात? परत?"

"चाळिशी आली ना. होतं असं."

माझ्याकडं बघत राहिल्या. मी जमिनीकडं.

राजस आला. सगळं ऐकलं. गाडीत देव, त्याच गाडीत सासूबाई, एका तंबूत सगळे. मला नेणं शक्यच नव्हतं. तो मटकन पायरीवर बसला. "मग रद्द करू. तुझ्याशिवाय कसलं जायचं?"

रद्द? मग मी घरी, तेही घरी, आणि ट्रॉली दारात उभी! मनवाचा चेहरा एवढासा झाला. पोरीच्या तोंडचा घास काढला मी असं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं, सांगून टाकावं.

तेवढ्यात सासूबाई. "रद्द कशाला? बसवलेले देव मी उठवायची नाही. तू कर की स्वयंपाक. ओटा तुझ्याच उंचीचा झालाय."

राजस ओट्यापुढं जाऊन उभा राहिला. हात ठेवून बघितले. "खरंच की!"

जातायत.

एक मात्र लिहून ठेवते. मनवा हे सगळं दारातून बघत होती. उद्या तिला कुणी चार दिवस मागच्या खोलीत बस म्हणालं, तर मी कुठल्या तोंडानं नको म्हणणार? आज मीच त्या नियमाच्या आड लपले. लाज वाटते. तरी बोललेलं परत घ्यावंसं वाटत नाही.

२५ डिसेंबर

गेले. पहाटेचं धुकं होतं. ट्रॉली हलेचना! शेवटी आळीतल्या चौघांनी ढकलली. राजस उतरून माझ्यासमोर आला, लांबच उभा राहिला, म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की हं." डोळे भरून आले माझे. खरंच आले.

सासूबाईंनी काच खाली करून नेहमीचा पाढा म्हटला. मागचं दार लाव, मांजर आत घेऊ नको, नळ सोडून ठेवू नकोस, रात्री दुधाला विरजण लाव, गरम कपडे घाल. मी हो हो म्हणत होते. वळणावर निळी ट्रॉली दिसेनाशी झाली.

मग काय करावं सुचेना. खुर्ची परसात नेली, शाल घेतली आणि बसले. चहा मीच केला, पण एकच कप. नुसता एक कप चहा मी या घरात कधी केला नव्हता.

संध्याकाळी फोटो आला. मागं पाणी, पुढं राजस ओट्यापाशी ताठ उभा, मनवा पाटावर चढून पोळी लाटतेय. खाली लिहिलं होतं, "पिठल्यात हिंग आधी की नंतर?" आधी, असं कळवलं. दिवे मालवण्याआधी सवयीनं दूध तापवलं, विरजण लावलं.

२६ डिसेंबर

दही छान लागलंय. घट्ट. वाटीत काढायला घेतलं आणि हात तसाच राहिला.

विरजण लाव, म्हणाल्या होत्या. मला! बाहेर बसलेल्या बाईला.

आणि मी "हो आई" म्हणाले होते.