पँटीच्या बुडाचं जपानी ठिगळ

३ ऑक्टोबर १९९६, गुरुवार
आज आयुष्याला वळण लागलं. राळेगणसिद्धीचं पाणलोटाचं काम बघायला निघालेली जपानी मंडळी पारनेर स्टँडवर उतरली. कंट्रोलर मी, त्यामुळे गाडीची चौकशी माझ्याकडेच. एका बाईंच्या निळ्या कोटाला ठिगळावर ठिगळ, वर पांढऱ्या दोऱ्याचे टाके लांबून दिसतील असे! मी हळहळलो. एवढा श्रीमंत देश आणि ही दशा? त्यांचा दुभाषा म्हणाला, ही कला आहे, साशिको. भोक लपवायचं नाही, मिरवायचं. जुनंच कापड वापरायचं. आणि घाई करायची नाही.
घाई न करणं मला जन्मजात येतं. म्हणजे निम्मं शिकून झालंच.

५ ऑक्टोबर
छबूला टाका करून दाखवला. म्हणाली, अहो, हा धावदोरा. चौथीतल्या पोरी घालतात. धावदोरा आणि साशिको यांतला फरक घरच्या माणसाला समजावत बसू नये.

६ ऑक्टोबर, रविवार
पहिला प्रयोग ड्यूटीच्या खाकी पँटीवर. खुर्चीत बसून बसून बूड विरलंय. छबूच्या जुन्या परकराचं निळं ठिगळ लावलं. सुरुवातीचे टाके ज्वारीएवढे, नंतरचे भुईमुगाच्या शेंगेएवढे. हात मोकळा होत गेल्याचं लक्षण.

७ ऑक्टोबर
पँट घालून ड्यूटीवर. गोरक्षनाथ ड्रायव्हरने चार प्रवाशांदेखत विचारलं, कंट्रोलरसाहेब, स्टेपनी मागं बांधली व्हय? अख्खा स्टँड हसला. साहेबांनी आत बोलावून सांगितलं, उद्या हे दिसलं तर मेमो. जपानात असतो तर शाल-श्रीफळ मिळालं असतं.

९ ऑक्टोबर
पँट गायब. छबू म्हणते, मला काय माहीत. कलाकाराचं घरातच असं होतं.

१३ नोव्हेंबर
वृषाली पहिल्या बाळंतपणाला आली. जावई प्रवीणराव राहात्याहून सोडून गेले. माझ्या सासूबाईही पाथर्डीहून आल्या, बाळाच्या गोधडीसाठी जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन. मी ते ताब्यात घेतलं आणि जाहीर केलं, बाळाची गोधडी मी शिवणार. साशिको पद्धतीने. बाकी कुणी सुईला हात लावायचा नाही.
वृषाली म्हणाली, अण्णा, नक्की ना? मी पाचवीत असताना बाहुलीघर करणार होतात. तो विषय काढायची गरज नव्हती. लाकूड माळ्यावर आहे, चांगलं मुरलंय.
पण मनाला लागलं. या वेळी पोरीला दिलेला शब्द पाळायचाच. नातवंडाच्या अंगाखाली माझ्या हातचं काहीतरी असायलाच पाहिजे.

१७ नोव्हेंबर, रविवार
श्रीगणेशा. अंथरायला भजनी मंडळाची सतरंजी आणली. कारभारीबुवांनी बजावलंय, दत्तजयंतीच्या सप्ताहाआधी परत पाहिजे. सासूबाई म्हणाल्या, दादा, नुसत्या फरशीवरच आंथरा, वाकळ तशीच शिवत्यात. मला फरशीचा गारवा बाधतो. सतरंजीच बरी.

२४ नोव्हेंबर
आठवड्यात एक ओळ झाली. सुई बोटात गेली. मग दोरा संपला. मग मॅच होती. सावकाशपणा हाच तर कलेचा आत्मा. सासूबाई रोज दुपारी शेजारी गोजरबाईंकडे जाऊन दार लावून बसतात. म्हातारपणी माणसाला गप्पा लागतात.

८ डिसेंबर
झपाट्याने प्रगती. टाके खोलवर घेतोय, म्हणजे जन्मभर टिकतील. छबूने वाकून बघितलं आणि तोंडाला पदर लावून आत गेली. भारावली असावी.

१४ डिसेंबर, शनिवार
मुलगी झाली! दोघी खुशाल. इवलीशी मूठ, त्यात माझं बोट धरलंय. दवाखान्यात सर्वांदेखत रडलो, काही लाज वाटली नाही. कडेची ओळ राहिलीय. बारशाआधी गोधडी पक्की.

१७ डिसेंबर, मंगळवार
सकाळी शेवटचा टाका घातला. वृषाली बाळाला घेऊन घरी आलीच होती. मोठ्या दिमाखात गोधडी उचलली. खालून सतरंजीही उठली.
चारी बाजूंनी शिवली गेली होती. मधूनही.
तेवढ्यात कारभारीबुवा टेम्पो घेऊन दारात. मंडप तयार, सतरंजी द्या म्हणाले. उसवायला बसलो. लुगडं फाटलं, पण टाका सुटेना. दर्जा म्हणतात तो हा. बुवा थांबेनात. शेवटी तशीच गुंडाळून टेम्पोत टाकली. वृषाली आतून म्हणाली, राहू द्या अण्णा.
बाहुलीघराच्या वेळीही ती हेच म्हणाली होती. जेवलो नाही.

२० डिसेंबर
सप्ताहात डोकावलो. माझ्या गोधडीवर पखवाजवाले हनुमंतबुवा मांडी घालून बसलेले. म्हणाले, लई मऊ हाय, हितनं उठूच वाटंना. धर्मकार्याला लागली म्हणायचं. तरी वाईट वाटलंच.

२५ डिसेंबर, बुधवार
बारसं. नाव दीपा ठेवलं. गोजरबाई हसत हसत एक गोधडी घेऊन आल्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे बसून शिवलेली! म्हणजे त्या गप्पा नव्हत्या. सुईला हात लावायचा नाही असं बजावलेलं असताना! पण बारशाच्या दिवशी काय बोलायचं? मोठ्या मनाने जवळून बघायला गेलो.
मधोमध खाकी. खाकीवर निळं ठिगळ, त्यावर पांढरे टाके, ज्वारीपासून शेंगेपर्यंत. माझी पँट!
ऊर भरून आला. घरात एक तरी जाणकार निघालं. सगळ्या बायकांनी ऐकावं म्हणून मोठ्याने विचारलं, हाच तुकडा बरोब्बर मधोमध का घेतलात?
सासूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, लेकराची मुतायची जागा ती, दादा. तिथं चांगलं कापड कशाला नासवायचं?
बायका कितीतरी वेळ हसत होत्या. वृषालीही हसली. मग तिने बाळाला नेमकं त्या ठिगळावर निजवलं आणि म्हणाली, अण्णा, तुमच्या हातचं लागलं बघा.
मी काही बोलायच्या आत नातीने धार सोडली. ठिगळ चिंब झालं. एक टाका सुटला नाही.
गोधडी धुवायचं काम माझ्याकडे आलंय.